अज्ञानाचा सौदा, पालकाची दाद

ज्यांचे बालपण गावच्या पेठेत किंवा शहरातील एखाद्या जुन्या चाळीत गेले, त्यांना कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानातील उधारीची ती लांबोडकी वही अजून आठवत असेल. घरातील लहानगे मूल त्या दुकानी जाई, ‘आमच्या खात्यावर मांडा’ म्हणे आणि साखर किंवा चहाची पुडी घेऊन घरी परते. परंतु त्याच मुलाने एखाद्या दिवशी खात्यावर मूठभर पेपरमिंटच्या गोळ्या मागितल्या, तर वाणी हातातला तराजू तसाच थांबवून विचारी, “आईला विचारलेस का रे?” त्या एका प्रश्नात शेजारधर्म होता आणि व्यवहारज्ञानही होते, कारण मुलाच्या शब्दावर दिलेल्या मालाचे पैसे महिनाअखेरीस बापाने नाकारले, तर ते वसूल करण्याचा कोणताही मार्ग आपल्याला नाही, हे त्या वाण्यास पुरतेपणी ठाऊक होते.

आज मुलांच्या हाती जे दुकान आहे, ते हा प्रश्न विचारीत नाही. आईबापांच्या मोबाइलवर अभ्यासाच्या निमित्ताने उघडलेला खेळ, त्या खेळातच थाटलेली पेठ आणि त्या पेठेला जोडलेले कुटुंबाचे बँकखाते, अशी तिन्ही दारे एकापुढे एक उघडीच असतात. २०२० साली पंजाबातील एका सतरा वर्षांच्या मुलाने सुमारे १६ लाख रुपये, आणि २०२१ साली मुंबईतील एका सोळा वर्षांच्या मुलाने आईच्या खात्यातील सुमारे १० लाख रुपये एका लोकप्रिय खेळापायी खर्च केल्याच्या वार्ता वृत्तपत्रांतून आल्या. मुंबईतील मुलगा तर आईवडील रागे भरल्यावर चिठ्ठी लिहून घरातून निघून गेला होता. पोलिसांनी शोध घेऊन त्यास सुखरूप परत आणले. ही दोन उदाहरणे रकमेमुळे गाजली. दोन-चार हजारांची, दहा-वीस हजारांची उदाहरणे गाजत नाहीत. ती घरातल्या घरात रागाने, मारहाणीने आणि शेवटी मौनाने मिटविली जातात. अशा वेळी पालकाला कोणकोणते अधिकार आहेत आणि ते कोणत्या क्रमाने बजावावेत, हे सामान्य वाचकास कळावे, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच आहे.

प्रथम त्या पेठेची रचना समजून घेतली पाहिजे. अशा खेळांपैकी बहुतेक खेळ फुकट मिळतात. मूल्य लागते ते खेळातील पोशाखांना, शस्त्रांवरील रंगकामाला, म्हणजे मुलांच्या भाषेत ‘स्किन’ला, आणि ठरावीक मुदतीच्या ‘पास’ला. ही खरेदी थेट रुपयांत होत नाही. आधी रुपये देऊन त्या खेळाचे चलन घ्यावे लागते, ज्याला कुठे ‘यूसी’ म्हणतात, तर कुठे ‘डायमंड’. रुपयाचे असे रूपांतर झाले, की मुलाच्या मनातून किमतीचा हिशेब सुटतो. हवी असलेली वस्तू आणि चलनाची मिळणारी पुडकी यांचा मेळ बहुधा बसत नाही. थोडे चलन उरते, किंवा थोडे कमी पडते, आणि त्या उरलेल्या-कमी पडलेल्याच्या भरपाईसाठी पुन्हा ‘टॉप-अप’ करावासा वाटतो. त्यातच पडद्यावर घड्याळ उलटे धावत असते: ही वस्तू आज रात्रीपर्यंतच, हा पास या हंगामापुरताच. आणि सर्वांत मोहक असते ती बंद पेटी, जिच्यात काय निघेल हे पैसे भरल्यावाचून कळत नाही. हवे ते निघाले नाही, तर पुढच्या पेटीत निघेल या आशेवर मुलगा रात्रभर पेट्या फोडीत बसतो. बेल्जियमच्या जुगार नियंत्रण मंडळाने २०१८ साली अशा पेट्या त्या देशाच्या कायद्यानुसार जुगारच ठरतात, असा निर्णय दिला. आणि जपानच्या ग्राहक खात्याने तर २०१२ सालीच यांतील एक विशेष घातक प्रकार, ज्यात अशा सोडतींतून अनेक वस्तूंचा पूर्ण संच जमविल्यावरच मोठे बक्षीस मिळे, तो बेकायदा असल्याचे जाहीर केले होते.

हे सर्व ज्याच्यावर प्रयोगिले जाते, तो तेरा ते सतरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी. समवयस्कांत आपले हसे होऊ नये, ही त्या वयाची सर्वांत मोठी चिंता असते. फुकट मिळालेल्या साध्या पोशाखात खेळणाऱ्याला सोबती ‘नूब’ म्हणून हिणवितात. आणि शाळेच्या गणवेशाने जी विषमता मोठ्या प्रयत्नाने झाकली, ती या खेळाच्या पोशाखाने पुन्हा उघडी पडते. म्हणून अशा मुलास चोर किंवा लबाड ठरविण्यापूर्वी, अनुभवी प्रौढांच्या एका समूहाने त्याच्या वयाचा पुरता अभ्यास करून हे दुकान रचले आहे, हे पालकाने ध्यानात घ्यावे.

आता कायद्याकडे वळू. आपल्याकडे अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या व्यक्तीस दफ्तरी भाषेत ‘अज्ञान’ म्हणतात. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर एखाद्या बालकाच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ अशी अक्षरे दिसतात; अज्ञान पालनकर्ता, असा त्यांचा अर्थ. या शब्दात अवहेलना नाही, संरक्षण आहे. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ११ अन्वये करार करण्याची पात्रता केवळ सज्ञान व्यक्तीस आहे. आणि अज्ञानाने केलेल्या कराराचे काय होते, याचा निर्णय १९०३ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे त्या काळच्या सर्वोच्च न्यायपीठाने, एका प्रसिद्ध खटल्यात कायमचा करून टाकला.

त्या खटल्याची हकीकत आजच्या पालकांनी मुद्दाम ऐकण्याजोगी आहे. कलकत्त्याच्या धर्मोदास घोष नामक तरुणाने १८९५ च्या जुलैत ब्रह्मो दत्त या सावकाराकडे आपली घरे गहाण टाकून वीस हजारांचे गहाणखत करून दिले. व्याज दरसाल शेकडा बारा. आपण सज्ञान आहोत, असा मजकूरही त्याने सही करून दिला होता. वास्तविक तो अज्ञान होता, आणि त्याच्या आईने वकिलामार्फत आगाऊ पत्र पाठवून सावकाराच्या मुखत्यारास तसे कळविलेही होते. पुढे आईच्या पालकत्वाखाली मुलाने गहाणखत रद्द करून मागितले. खटला चालू असता सावकार वारला, तेव्हा त्याची विधवा मोहोरी बीबी हिने तो विलायतेपर्यंत नेला. निकाल असा झाला, की अज्ञानाचा करार मुळातच शून्य होय. मुखत्यारास सत्य ठाऊक होते, म्हणजे ते सावकारास ठाऊक होते. सबब मुलाने लिहून दिलेल्या खोट्या मजकुराचा आधार सावकारास घेता येणार नाही, आणि दिलेली रक्कमही त्यास परत मिळणार नाही.

‘मी अठरा वर्षांचा आहे’ या वाक्यापुढील चौकटीवर बोट टेकविणारा आजचा मुलगा आणि तो धर्मोदास यांत तत्त्वतः फारसा भेद नाही. मग आपले पैसे आपोआप परत का मिळत नाहीत? कारण असे, की हा नवा सौदा कागदोपत्री मुलाने केलेलाच नसतो. खाते बापाचे, कार्ड आईचे, मोबाइल घरचा. पिनही घरचाच, आणि बँकेने पाठविलेला ओटीपी येतो तोही त्याच मोबाइलवर. कंपनी म्हणते, आम्ही सज्ञान खातेदाराशी व्यवहार केला. खात्यावरून जे घडेल त्याची जबाबदारी खातेदाराची, असे आमच्या अटींत लिहिले आहे. शतकाहून अधिक काळ कायद्याने अज्ञानाभोवती उभारलेली भिंत अशा रीतीने एका बाजूस राहते, आणि सौदा बापाच्या नावाच्या दिंडी दरवाजातून आत शिरतो. म्हणून खरेदी प्रत्यक्षात मुलाने, संमतीवाचून केली, हे दाखवून देण्याचा भार व्यवहारतः पालकावर येतो. तो पेलता येतो. पण त्यासाठी तत्परता आणि कागद, दोन्ही लागतात.

कंपन्यांना याबाबत उत्तरदायी धरता येते, हे अमेरिकेतील काही प्रकरणांनी दाखविले आहे. तेथील संघीय व्यापार आयोगाच्या तक्रारीनुसार ॲपलच्या दुकानात एकदा पालकाने परवलीचा शब्द दिला, की पुढची पंधरा मिनिटे मुलाला हवी तेवढी खरेदी करता येई, आणि हे पालकास सांगितले जात नसे. एका मुलीने एकाच खेळात २,६०० डॉलर खर्च केल्याचे उदाहरण त्या तक्रारीत होते. जानेवारी २०१४ मध्ये ॲपलने किमान ३ कोटी २५ लाख डॉलर परत करण्याचे मान्य केले. त्याच वर्षी गूगलने किमान १ कोटी ९० लाख. ॲमेझॉनने खटला लढविला, परंतु २०१६ साली न्यायालयाने तिला दोषी ठरविले. पुढे २०२२ च्या डिसेंबरात ‘फोर्टनाइट’ या खेळाच्या एपिक गेम्स कंपनीवर ५२ कोटी डॉलरची जबाबदारी आली; त्यांतील २४ कोटी ५० लाख डॉलर ग्राहकांना परत करावयाचे होते, कारण गोंधळात पाडणाऱ्या बटनांच्या मांडणीमुळे एका स्पर्शात खरेदी होई आणि बँकेकडे हरकत घेणाऱ्यांची खाती कंपनी बंद करून टाकी, असा आयोगाचा आक्षेप होता. या परताव्यांच्या मुळाशी एकेका पालकाने लिहिलेल्या तक्रारी होत्या, ही गोष्ट विसरता कामा नये.

आपल्या देशातील साधनेही तुटपुंजी नाहीत. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून अंमलात आला, आणि त्याच वर्षीच्या ई-कॉमर्स नियमांनी मोबाइलवरील आभासी वस्तूंची विक्रीही आपल्या कक्षेत घेतली. या नियमांनुसार अशा प्रत्येक कंपनीने तक्रार निवारण अधिकारी नेमला पाहिजे. त्याने तक्रारीची पोच ४८ तासांत दिली पाहिजे आणि एका महिन्यात तिचा निकाल लावला पाहिजे. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्राहकाला चकविणाऱ्या रचनांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसृत करून तेरा प्रकार निषिद्ध ठरविले. खोटी निकड निर्माण करणे, नको म्हणणाऱ्यास लाजविणे, पुन्हापुन्हा टोचणी लावणे, पडद्याच्या मांडणीने दिशाभूल करणे, हे सर्व त्यांत आहे. आणि वर वर्णिलेल्या पेठेशी ज्याचा परिचय आहे, त्यास ही यादी ओळखीची वाटल्यावाचून राहणार नाही.

मात्र दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयी जो कायदा केला, त्याने पैसे जिंकण्याच्या अपेक्षेने पैसे लावून खेळावयाच्या खेळांवर बंदी घातली. पोशाख आणि पास यांच्या विक्रीतून पैसे जिंकता येत नसल्याने, अशी विक्री करणारे सर्वसाधारण खेळ केवळ त्या कारणाने बंद होत नाहीत. तेव्हा ‘आता सरकारने सगळे बंद केले’ म्हणून निश्चिंत राहू नये. दुसरे असे, की केवळ मन पालटले म्हणून डिजिटल वस्तू परत करण्याचा सरसकट हक्क आपला कायदा देत नाही. म्हणून पालकाच्या तक्रारीचा आधार ‘आता नको’ असा नसावा. तो ‘संमती नव्हती, खरेदी करणारा अज्ञान होता, आणि रचना दिशाभूल करणारी होती’ असा असावा.

आता प्रत्यक्ष क्रम सांगतो. खर्च ध्यानात आला, की प्रथम गळती थांबवावी: जोडलेले कार्ड काढावे, पिन आणि परवलीचे शब्द बदलावेत, दर महिन्याचे आपोआप कापले जाणारे हप्ते रद्द करावेत. रागाच्या भरात खेळ किंवा खाते पुसून टाकू नये, कारण तोच आपला पुरावा असतो. खरेदीच्या इतिहासाची, प्रत्येक ऑर्डरच्या क्रमांकाची, तारखेची, रकमेची आणि बँकेच्या संदेशांची चित्रे काढून ठेवावीत. न वापरलेले चलन आणि वस्तू तशाच राहू द्याव्यात. अज्ञानाकडे लाभ शिल्लक असल्यास तो परत करण्यास न्यायालय सांगू शकते, असे १९६३ च्या विनिर्दिष्ट साहाय्य कायद्याचे धोरण आहे. शिवाय ‘घेतलेले परत घ्या आणि दिलेले परत द्या’ म्हणणाऱ्याची बाजू नेहमीच भक्कम असते.

त्यानंतर त्याच दिवशी दुकानदाराकडे अर्ज करावा. गूगल प्लेवर खरेदीपासून ४८ तासांच्या आत थेट गूगलकडे परतावा मागता येतो. त्यानंतर सामान्यतः खेळाच्या कंपनीकडे जाण्यास सांगितले जाते. ॲपलची ‘रिपोर्ट अ प्रॉब्लेम’ या नावाची स्वतंत्र सोय आहे, आणि खरेदी मुलाने परवानगीवाचून केली, हे कारण तेथे नमूद करता येते. पहिला अर्ज फेटाळला गेला, तरी निराश न होता कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यास सविस्तर पत्र धाडावे. त्यात मुलाचे वय, जन्मदाखल्याची प्रत जोडण्याची तयारी, खरेदीच्या तारखा आणि रकमा, आणि मागणी, एवढे स्पष्ट असावे. भाषा शांत असावी. शिवीगाळीने भरलेल्या पत्रापेक्षा तारखांनी भरलेले पत्र अधिक बोलते.

तेथेही दाद लागली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, आणि शेवटी जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीबाबतच्या तक्रारीस तेथे शुल्क नाही. वकील दिलाच पाहिजे असे नाही. कंपनी कोठलीही असो, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते, तीही घरबसल्या ई-जागृती या संकेतस्थळावरून. आणि मुदत दोन वर्षांची आहे. ग्राहक अज्ञान असेल तर त्याच्या आईबापांस किंवा कायदेशीर पालकास तक्रारदार होता येते, असे कायद्यातच नमूद आहे. ज्यांना एकट्याने हे करण्याचा धीर होत नाही, त्यांनी आपल्या गावातील ग्राहक चळवळीचे दार ठोठवावे. महाराष्ट्रास या चळवळीची परंपरा आहे: बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली, आणि पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. हे दोन्ही प्रयत्न १९८६ चा पहिला ग्राहक कायदा होण्याच्या दशकभर आधीचे आहेत.

एक सूचना मात्र कळकळीने करावीशी वाटते. पैसे परत मिळावेत म्हणून ‘कोणी अज्ञात भामट्याने खाते लुबाडले’ अशी खोटी तक्रार बँकेत किंवा पोलिसांत करू नये. खरोखरच परक्या माणसाने फसविले असेल, स्वस्तात ‘यूसी’ देतो म्हणून मुलाकडून ओटीपी काढून घेतला असेल, तर १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे. परंतु बटन आपल्या मुलानेच दाबले असेल, तर तसेच सांगावे. आपली कायदेशीर बाजू खरेदी करणारा अज्ञान होता या सत्यावर उभी आहे. खोटे सांगितले, की ती बाजू आपणच मोडतो, आणि मुलाला दुसरा, पहिल्याहून वाईट धडा देतो.

पुढे असे घडू नये म्हणून उपाय साधे आहेत. मुलाला त्याच्या खऱ्या वयाचे वेगळे खाते उघडून द्यावे आणि ते पालकाच्या खात्याशी जोडावे. गूगल आणि ॲपल या दोहोंकडे अशी व्यवस्था आहे, की मुलाने खरेदी करू म्हटल्यास आधी पालकाच्या मोबाइलवर संमती मागितली जाते. कोपऱ्यावरचा वाणी जो प्रश्न आपण होऊन विचारीत असे, तो आता आपल्याला मुद्दाम चालू करून घ्यावा लागतो, एवढाच फरक. प्रत्येक खरेदीस परवलीचा शब्द लागेल असे करावे. घरखर्चाचे खाते खेळाच्या मोबाइलला जोडू नये. शिक्षण मंत्रालयानेही डिसेंबर २०२१ मध्ये पालक-शिक्षकांना याच आशयाचा सल्ला दिला आहे. मुलाला खेळासाठी काहीच देऊ नये, असेही माझे म्हणणे नाही. महिन्याची एक लहान, ठरलेली रक्कम त्याच्या हाती द्यावी आणि तिचा जमाखर्च त्याच्याच हाताने वहीत लिहवून घ्यावा. डायमंडचा भाव रुपयांत लिहिताना त्याला जे कळेल, ते उपदेशाने कळणार नाही.

शेवटी ज्या एका गोष्टीवर हे सारे अवलंबून आहे, ती सांगतो. परताव्याची पहिली मुदत ४८ तासांची असते, आणि मूल आपली चूक बहुधा आठवडेच्या आठवडे लपवून ठेवते. ते लपविते ते लबाडीने नव्हे, भीतीने. त्या भीतीत मुदत निघून जाते, रक्कम वाढत जाते, आणि कधी कधी मूलच घर सोडून जाते. म्हणून, वाचकहो, असे काही घडण्याची वाट न पाहता आजच जेवायला बसताना आपल्या मुलाला एवढे सांगा, की पैशाबाबत कधी चूक झाली तर त्याच दिवशी येऊन सांग. मी रागावण्याआधी तुझ्याबरोबर बसून अर्ज लिहीन. आणि तसा दिवस आलाच, तर दिलेला शब्द पाळा.